स्टीलच्या पेट्रोल पाइपला ब्रेडेड होज जोडताना

जुनी जिप्सी, पद्मिनी किंवा मारुती 800 नव्याने उभी करायला घेतली की कधी ना कधी इथे येऊन थांबावं लागतं: टाकीकडून चासीच्या कडेने आलेला स्टीलचा पेट्रोल पाइप इंजिनापाशी संपतो आणि तिथून पुढे रबरी नळी लागते. जुनी नळी कडक झालेली असते, वाकवून पाहिली की तडे दिसतात. मग दुकानात टांगलेली स्टीलच्या जाळीची, म्हणजे ब्रेडेड होज डोळ्यांत भरते. होज विकत घेणं सोपं आहे. ती स्टीलच्या पाइपाला जोडायची कशी, हे मात्र नवख्या माणसाला कोणी धड सांगत नाही. मग पाइपावर होज सरकवली जाते, वर दोन जुबली क्लिपा आवळल्या जातात आणि काम झालं असं वाटतं.

ते झालेलं नसतं. क्लिप बाहेरची जाळी आवळते, आतला रबर पाइपावर नीट दाबला जातच नाही. कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोलचा दाब पाव बारच्या आसपास असतो, तिथे असा जोड नुसता पाझरत राहतो. एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या गाडीत साधारण अडीच-तीन बार दाब असतो. तिथे नळी निसटली तर पंप गरम इंजिनावर पेट्रोलची पिचकारी मारतो. म्हणून हा जोड शिकून घ्या आणि पुरता शिका.

इथे मी उदाहरणाला एमपीएफआय जिप्सी धरली आहे. 2000 सालापासून जिप्सी या इंजिनात मिळू लागली. रॅली आणि ऑफरोडवाल्यांकडे ती आजही भरपूर दिसते, आणि तिचा पाइप चासीला धरून येत असल्याने हात घालायला जागा मिळते. बाकीच्या पेट्रोल गाड्यांनाही हीच रीत लागू आहे. डिझेल कॉमन रेलच्या उच्च दाबाच्या पाइपांना मात्र हात लावू नका. तिथे हजार बारच्या वरचा मामला असतो, ही होज तिथली नव्हे.

पेट्रोल कशाने अडतं

चांगल्या जोडात पेट्रोल अडवणारी गोष्ट म्हणजे धातूला चिकटून बसलेला धातू. पाइपाचं तोंड कर्ण्यासारखं पसरवायचं, त्याला फ्लेअर म्हणतात. समोरच्या फिटिंगला त्याच कोनाचा शंकू असतो. नट आवळला की कर्णा शंकूवर सगळीकडून सारखा बसतो आणि वाट बंद होते. आट्यांचं काम फक्त दाबून धरण्याचं. म्हणून फ्लेअरच्या जोडात आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळण्यात काही अर्थ नाही. उलट टेपचे धागे सुटून पुढे इंजेक्टरपर्यंत जातात.

सगळं कोनावर आलं. ब्रेडेड होजची फिटिंग ज्या एएन मापात येतात, ते अमेरिकी लष्करी विमानांसाठी ठरलेलं आर्मी-नेव्ही मानक. त्याचा कोन 37 अंश. हायड्रॉलिकच्या दुकानात मिळणारी जेआयसी फिटिंगही 37 अंशांचीच असतात, आटेही जुळतात. पण फ्रिज-एसीवाले तांब्याच्या नळीला जो फ्लेअर मारतात, तो 45 अंशांचा. बाजारात सहज आणि स्वस्त मिळणारं फ्लेअरिंग टूल नेमकं हेच असतं.

मी पहिला जोड याच टूलने केला होता. आवळताना छान घट्ट लागला, इंजिन चालू केलं तेव्हा कोरडा होता. आठवड्याने ताम्हिणी घाट चढताना गाडीत पेट्रोलचा वास आला. जोड उघडल्यावर शंकूवर एक केसाएवढी बारीक रेघ उमटलेली दिसली. तेवढ्याच जागेत दोन धातू भेटत होते, बाकी सगळी फट. थंडीत, उभ्या गाडीत ती रेघ पुरली. हादरे आणि उष्णता आल्यावर पुरली नाही. टूल घेताना त्यावर 37 कोरलेलं आहे का ते डोळ्यांनी वाचा, दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका.

आधी मोजमाप, मग खरेदी

व्हर्नियर कॅलिपरने पाइपाचा बाहेरचा व्यास घ्या, गंज आणि रंग खरवडून. एएनचा आकडा म्हणजे पाइपाच्या बाहेरच्या व्यासाचे इंचाचे सोळावे भाग: 4 म्हणजे 1/4 इंच (6.35 मिमी), 5 म्हणजे 5/16 इंच (7.94 मिमी), 6 म्हणजे 3/8 इंच (9.53 मिमी), 8 म्हणजे 1/2 इंच (12.7 मिमी). आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचे पाइप मात्र मिलिमीटरमध्ये असतात. 8 मिमी आणि 5/16 इंचात फरक अवघा 0.06 मिमीचा. तेवढ्यानेही स्लीव्ह, म्हणजे नटाच्या आत फ्लेअरच्या मागे बसणारी कडी, पाइपावर अडकते किंवा चढतच नाही. पाइप कानसेने घासून ती चढवायचा मोह होतो. तो आवरा, भिंत तिथेच पातळ होते आणि पुढे तिथेच चिरते. 8 मिमी साठी बनवलेली स्लीव्ह आणि नट मागवा, नाहीतर शेवटचा तुकडा 3/8 इंची पाइपाचा नवा घाला.

आट्यांतही एक फसवणूक आहे. एएन 6 चे आटे 9/16 इंच आणि इंचाला 18 असे असतात, म्हणजे व्यास 14.29 मिमी. गाड्यांमध्ये सर्रास दिसणारा एम 14 बाय 1.5 त्याच्या इतका जवळ आहे की एकाचा नट दुसऱ्यावर दोन-तीन फेरे जातो. हाताने जाणारा नट मध्येच अडला, किंवा डुगडुगत राहिला, तर पान्हा लावू नका. आटे वेगळे आहेत.

पाइप गंजलेला असेल तर त्यावर फ्लेअर करायला जाऊ नका. कोकणात आणि गोव्यात खाऱ्या हवेत राहिलेल्या गाड्यांचे पाइप चासीच्या क्लिपांखाली आतून पोखरलेले असतात, वरून रंग शाबूत दिसतो. क्लिप काढून तिथे नख ओढा. पापुद्रे निघाले तर तो पाइप पूर्ण बदलायचा. नव्यासाठी मऊ केलेला, बिनसांध्याचा स्टेनलेस 304 किंवा 316, नाहीतर कॉपर-निकेल मिश्रधातूचा पाइप घ्या. साधी तांब्याची एसीची नळी नको: हादऱ्यांनी ती कडक होत जाऊन तडकते, आणि तांब्याच्या सहवासात पेट्रोलमध्ये डिंकासारखा चिकटा लवकर धरतो.

जाळीच्या आत काय आहे

बाहेरची जाळी सगळ्यांची सारखीच चमकते. पेट्रोलशी गाठ पडते ती आतल्या थराची. साध्या नायट्राइल रबराची ब्रेडेड होज ऑइल कूलरसाठी ठीक. 2023 पासून पंपांवर ई20 येऊ लागलं आणि आता बहुतेक ठिकाणी तेच मिळतं. 20 टक्के इथेनॉल असलेलं हे पेट्रोल साध्या रबरातून हळूहळू झिरपतं, रबर फुगवतं आणि कडक करतं. बाहेर जाळी असल्याने तडे दिसत नाहीत, एवढाच काय तो फरक. म्हणून माझी शिफारस पीटीएफई, म्हणजे टेफ्लॉनचा आतला थर असलेल्या होजला. तोसुद्धा पांढरा नको, काळा घ्या. काळ्यात कार्बन मिसळलेला असतो. पेट्रोल वेगाने वाहताना तयार होणारी स्थिर वीज त्यातून धातूच्या फिटिंगकडे निघून जाते. पांढऱ्यात ती साठून ठिणगी पडू शकते आणि थराला सुईएवढं भोक पडतं.

पीटीएफईची फिटिंग वेगळी असतात, त्यांच्यात ऑलिव्ह नावाची छोटी पितळी किंवा ॲल्युमिनियमची कडी असते. रबरी होजची फिटिंग पीटीएफईला चालत नाहीत. दोन्ही वरून जवळपास सारखी दिसतात, तेव्हा होज आणि फिटिंग एकाच बनावटीची घ्या.

घरी होजला टोकं बसवायची हिंमत होत नसेल तर सरळ मार्ग आहे. औद्योगिक वसाहतींजवळ हायड्रॉलिक होज क्रिम्प करणारी दुकानं असतात, मुंबईत नागदेवी स्ट्रीटला असल्या मालाची चौकशी करता येते. त्यांना सांगायचं: स्टेनलेस जाळीची पीटीएफई होज, दोन्ही टोकांना जेआयसी 6 फिरत्या नटाची फिटिंग, लांबी अमुक. मशीनवर दाबलेलं टोक घरच्या टोकापेक्षा भरवशाचं असतं. नुसती 'हायड्रॉलिक होज' मागू नका, तिच्या आत ऑइलचं रबर असतं.

कार्ब्युरेटरची पद्मिनी असेल तर खरं म्हणजे ब्रेडेड होजची गरजच नाही. पाइपाच्या टोकाला फुगवटा, त्यावर आर9 दर्जाची इंधन नळी आणि कडा न कापणारी इंजेक्शन क्लिप. एवढ्यावर ती गाडी निर्धास्त चालते.

आता यादी. पाइपासाठी एक नट आणि एक स्लीव्ह. होजला मादी टोक. आणि या दोघांच्या मध्ये दोन्हीकडे नर आटे असलेला युनियन. हा युनियन हमखास राहून जातो, कारण नट दोन्हीकडे मादीच असतात आणि ते एकमेकांना जोडले जात नाहीत, हे हातात घेतल्याशिवाय लक्षात येत नाही. युनियन बल्कहेड प्रकारचा, म्हणजे पत्र्याच्या भोकातून आरपार जाऊन नटाने धरणारा घेतलात तर फार उत्तम. चासीच्या बाजूची तिन्ही फिटिंग स्टीलची घ्या. रंगीत ॲल्युमिनियम दिसायला सुंदर, पण स्टीलच्या शेजारी पावसात आणि खाऱ्या हवेत तेच आधी खाल्लं जातं.

पेट्रोलजवळ हात घालण्याआधी

इंजिन थंड हवं. पंपाचा फ्यूज काढा, इंजिन चालू करा, ते आपोआप बंद पडू द्या, आणखी एकदोनदा स्टार्टर मारा. लाइनमधला दाब उतरला. मग बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा, टाकीचं झाकण उघडून परत लावा. पहिला जोड सोडताना त्यावर फडकं धरा, डोळ्यांवर चष्मा ठेवा.

काम उघड्यावर करा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली बसते. म्हणून गॅरेजच्या खड्ड्यात उतरून पेट्रोल लाइन उघडणं हे या सगळ्यातलं सर्वात धोक्याचं काम आहे. बल्बची हातबत्ती नको, सीलबंद एलईडी टॉर्च घ्या. पावडरचा अग्निशामक हाताच्या अंतरावर हवा आणि तो चालतो याची खात्री हवी. ग्राइंडर गाडीपासून लांब, त्याची ठिणगी आपण समजतो त्यापेक्षा दूर जाते.

फ्लेअर

इथे घाई केली की सगळं वाया जातं. पाइपाचे दोनतीन टाकाऊ तुकडे घेऊन आधी त्यांच्यावर हात बसवा.

1. पाइप कटरने कापा, करवतीने नाही. गाडीवरचाच पाइप कापत असाल तर हे आणखी महत्त्वाचं, कटरला ठिणगी नसते. चाक एका फेऱ्याला थोडंसंच आवळा. जोराने आवळलं तर तोंड आत दबतं.

2. कापलेली कड काटकोनात आहे का ते छोट्या गुण्याने पाहा. तिरकी असेल तर फ्लेअर एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला अरुंद होणार. बारीक कानसेने सपाट करा.

3. आतली आणि बाहेरची धार काढा. आतली राहिली तर फ्लेअर पसरताना तिथूनच चीर सुरू होते. पण खोलगट कोरू नका, भिंतीची जाडी टिकली पाहिजे. मग कापडाचा बोळा आरपार ओढून सगळा कीस बाहेर काढा. गाडीवरच्या पाइपात कीस आत जाऊ नये म्हणून टोक खाली झुकवून काम करा.

4. आता नट चढवा, मग स्लीव्ह. स्लीव्हची रुंद बाजू फ्लेअरकडे. हे विसरून फ्लेअर केला की तो कापून टाकण्यावाचून इलाज नसतो, आणि गाडीवरचा पाइप दर वेळी थोडा आखूड होतो.

5. पाइप टूलच्या खाचेत धरा, टूलबरोबर आलेल्या मापाइतकाच बाहेर ठेवा. शंकूला ऑइलचा थेंब लावा. सावकाश आवळा, अर्धा फेरा पुढे, थोडा मागे. भिंत पातळ असेल, म्हणजे कंपनीच्या मूळ पाइपासारखी 0.7 मिमीच्या आसपास, तर तोंड आधी आत दुमडून मग पसरवायचं, तो डबल फ्लेअर. 0.9 मिमीच्या स्टेनलेसला एकेरी पुरतो.

6. उजेडात धरून तपासा. आतला पृष्ठभाग गुळगुळीत, एकही रेघ किंवा चीर नाही. फ्लेअर स्लीव्हचं तोंड झाकतो पण तिच्या बाहेरच्या कडेपलीकडे जात नाही. लहान झाला तर आवळताना निसटतो, मोठा झाला तर नटाच्या आट्यांना घासतो. शंका आली तर कापा आणि परत करा.

कोन तपासायची सोपी युक्ती: नव्या युनियनच्या शंकूवर मार्करने शाई लावा, फ्लेअर हाताने दाबून थोडा फिरवा, काढा. शाई फ्लेअरच्या आत रुंद पट्टा होऊन उमटली तर कोन जुळला. बारीक रेघ उमटली तर थांबा.

होजचं टोक

मशीनवर टोकं बसवून आणली असतील तर हा भाग सोडून द्या. घरी करायचं असेल तर लांबी मोजताना इंजिन हलतं हे धरा. चासी जागेवर असते, इंजिन त्याच्या रबरी मांडणीवर गिअर टाकताना आणि एक्सलरेटर दाबताना डोलतं. होज त्यासाठीच आहे. ताणून बसवलेली होज पाइपालाच ओढत राहते आणि फ्लेअरच्या मानेशी पाइप मोडतो.

कापायच्या जागी चिकटपट्टी घट्ट गुंडाळा आणि पट्टीच्या मधोमध बारीक दात्यांच्या ब्लेडने कापा. जाळीचे तार बोटांत घुसतात, हातमोजे घाला. आधी सॉकेट, म्हणजे फिटिंगचा बाहेरचा नट, होजवर मागे सरकवा. मग पट्टी काढून जाळी थोडी फुलवा, पीटीएफईचं टोक धारदार ब्लेडने सरळ छाटा. ऑलिव्ह जाळी आणि पीटीएफईच्या मध्ये सरकवा, टेबलावर दाबून पीटीएफई ऑलिव्हच्या आतल्या कडेपर्यंत पोचवा. जाळीचा एकही तार आत अडकला तर तिथून गळती ठरलेली. निपलला, म्हणजे फिटिंगच्या होजमध्ये शिरणाऱ्या नळीला, ऑइल लावून आत दाबा, सॉकेट वर आणा आणि आवळा, दोघांमध्ये साधारण एक मिमी फट राहीपर्यंत. शेवटी होजमध्ये दोन्ही बाजूंनी हवा मारा. कापताना आत राहिलेला कीस नाहीतर पुढे इंजेक्टरमध्ये जातो.

जोडणी आणि आवळणं

युनियन आधी चासीवरच्या पट्टीत पक्का करा. मग पाइपाचा नट, मग होजचं टोक. नटाच्या आट्यांना आणि स्लीव्हच्या पाठीला ऑइल, शंकूवर नको. दोन्ही नट शेवटपर्यंत हाताने गेले पाहिजेत. पाइप शंकूसमोर आपोआप सरळ येत नसेल तर पाइप वाकवून जागेवर आणा, नटाने ओढून आणू नका.

आवळताना कायम दोन पान्हे: एक युनियनवर धरून ठेवायला, दुसरा नटावर फिरवायला. एका पान्ह्याने पाइप पिळतो. नट हाताने बसला आणि पान्ह्याला पहिला विरोध जाणवला की नटावर मार्करने खूण करा. तिथून स्टीलच्या एएन 6 जोडाला पाइपाच्या बाजूने सुमारे दीड कड आणि होजच्या बाजूने सव्वा कड पुरते. एक कड म्हणजे षटकोनाची एक बाजू, एका फेऱ्याचा सहावा भाग. एवढंच. ॲल्युमिनियम असेल तर त्याहून हलका हात. गळणारा जोड आणखी आवळत जाणं ही सवय मोडा. फ्लेअर चेपून पातळ होतो आणि पुढच्या वेळी बसतच नाही. गळतोय तर उघडा आणि शंकू पाहा.

होजला पीळ पडू देऊ नका. तिच्या लांबीवर मार्करने एक सरळ रेघ ओढली तर पीळ लगेच दिसतो. पीटीएफई होज एकदा मोडून चुण पडली तर ती फेकायची, सरळ करून वापरायची नाही.

स्टीलची जाळी कानसेसारखी काम करते. वायर, ब्रेकचा पाइप, रेडिएटरची नळी, जे घासेल ते ती कापते. म्हणून जिथे काही जवळून जातं तिथे होजवर रबरी किंवा नायलॉनची बाही चढवा. रबर लावलेल्या क्लॅम्पने दर 30-40 सेंटीमीटरला धरा. सायलेन्सरच्या पाइपापासून हातभर लांब, ते जमत नसेल तर मध्ये उष्णतारोधक पत्रा.

तपासणी

बॅटरी जोडा, फ्यूज घाला. इंजिन चालू न करता किल्ली ऑन करा. पंप दोनतीन सेकंद चालून थांबतो. असं चार-पाच वेळा करा, दाब चढतो. कोरडा टिश्यू पेपर प्रत्येक जोडाभोवती गुंडाळून दाबा. बोटाला न कळणारा ओलावा कागदावर दिसतो. वास येत असेल पण ओल दिसत नसेल तर वासावर विश्वास ठेवा.

सगळं कोरडं असेल तर इंजिन चालू करा, दहा मिनिटं जागेवर, मग परत कागद. मदतीला असलेल्याला एक्सलरेटर दाबायला सांगा आणि होज किती हलते, कुठे टेकते ते पाहा. एक फेरी मारून आलात की गरम असताना बघा. रात्रभर उभी ठेवून सकाळी थंड असताना परत बघा, कारण धातू आक्रसल्यावर उघडणारी फट संध्याकाळी दिसत नाही. शंभर किलोमीटरनंतर मार्करच्या खुणा जागेवर आहेत का ते तपासा. पुढे प्रत्येक सर्व्हिसला टॉर्च मारून त्याच खुणा पाहायच्या, त्याला अर्धा मिनिट लागतो.